शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यासाठी प्रकाशाचे आणि उष्णतेचे दिवे: निवड, मांडणी आणि मोजमाप

पाळीव शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या, झाडावर राहणाऱ्या सरड्याच्या) पिंजऱ्यावर निदान दोन दिवे लागतात, एक अतिनील किरणांसाठी आणि दुसरा उष्णतेसाठी, हे तो पाळू इच्छिणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती क्रमात. आधी दुकानातून वॅट पाहून बल्ब आणला जातो, मग तो पिंजऱ्यावर ठेवला जातो, आणि प्राणी ज्या फांदीवर बसणार ती फांदी सर्वांत शेवटी, जिथे अडकेल तिथे अडकवली जाते. त्यामुळे तोच बल्ब एका घरात अपुरा पडतो आणि दुसऱ्या घरात प्राण्याची पाठ भाजतो. खोक्यावर छापलेला कोणताही आकडा तुमच्या खोलीत, तुमच्या जाळीखाली, तुमच्या फांदीवर किती ऊब आणि किती अतिनील किरण पोहोचतील हे सांगत नाही. ते मोजावेच लागते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

हे मार्गदर्शन मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी अशा देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे, कारण पिंजऱ्यात जन्मलेले व्हेल्ड आणि पँथर शॅमेलिऑन तेथे कायदेशीररीत्या विकत मिळतात. तेथेही स्थानिक नियम आधी पाहावेत. उदाहरणार्थ, हवाई राज्यात व्हेल्ड शॅमेलिऑन पाळण्यास मनाई आहे. भारतातील वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडच्या रानात आढळणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग त्याची कितीही चांगली काळजी घेतली तरी. परदेशी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत असल्यामुळे त्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

## टप्पा १: प्रजाती, वय आणि लिंग यांवरून अपेक्षित आकडे ठरवा

दिवे निवडण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत: शेकण्याच्या फांदीवरील तापमान, पिंजऱ्याच्या खालच्या भागातील दिवसाचे तापमान आणि रात्रीचे तापमान.

येमेन आणि सौदी अरेबियातून आलेल्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या प्रौढ नराला शेकण्याच्या जागी साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे ८५ ते ९० अंश फॅरेनहाइट लागतात. मादीसाठी हाच आकडा २७ अंशांच्या आसपास ठेवावा. व्हेल्ड मादी नराशी संबंध न येताही अंडी घालते, आणि जास्त उष्णता व जास्त खाद्य मिळाल्यास ती इतकी अंडी धरते की तिचा जीव धोक्यात येतो. नर आणि मादी यांच्यासाठी एकच बल्ब सुचवणाऱ्या दुकानदाराचा सल्ला म्हणूनच मानू नये. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनच्या नराला २९ ते ३० अंश पुरेसे होतात. केनिया आणि टांझानियाच्या उंच डोंगरांतून आलेला जॅक्सन्स शॅमेलिऑन थंड हवेचा प्राणी आहे. त्याला २७ अंशांपेक्षा फारसे अधिक देऊ नये. सर्वच प्रजातींची पिल्ले लहान शरीरामुळे झपाट्याने तापतात आणि झपाट्याने सुकतात, तेव्हा त्यांच्यासाठी २६ ते २७ अंश ही वरची मर्यादा धरावी.

पिंजऱ्याच्या खालच्या भागात २२ ते २४ अंश असावेत. रात्री तापमान उतरलेच पाहिजे. व्हेल्ड आणि पँथरसाठी रात्रीचे १७ ते २० अंश उत्तम असतात. ज्या घरात रात्री खोली इतकी थंड होते तेथे रात्रीसाठी कोणताही दिवा विकत घेण्याची गरज नाही.

चौथा आकडा अतिनील निर्देशांकाचा, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आहे. तो तीनही प्रजातींसाठी शेकण्याच्या फांदीवर ३ च्या आसपास असावा.

इशारा: लाल, निळे किंवा जांभळे ‘रात्रीचे बल्ब’ घेऊ नका. शॅमेलिऑनची रंगदृष्टी तीक्ष्ण असते, रंगीत उजेड त्याला दिसतो आणि त्याची झोप मोडते. रात्री पूर्ण अंधार हवा.

## टप्पा २: मोजण्याची साधने बल्बच्या आधी आणा

बल्बसाठी ठेवलेल्या पैशांतून आधी दोन डिजिटल थर्मामीटर घ्यावेत, आणि त्यांत वायरच्या टोकाशी संवेदक असलेला प्रकारच निवडावा. पिंजऱ्याच्या भिंतीवर चिकटवायची गोल काट्याची तबकडी भिंतीजवळच्या हवेचे तापमान सांगते, फांदीचे नव्हे. लांबून लाल ठिपका टाकून मोजणारे साधन पृष्ठभागाचे तापमान दाखवते. जाळी किंवा फांदी किती तापली हे पाहण्यास ते उपयोगी आहे, पण त्यावरच विसंबू नये. आर्द्रतामापक एक असावा.

अतिनील निर्देशांक मोजण्यासाठी सोलारमीटर ६.५ हे यंत्र सर्वत्र वापरले जाते. ते महाग आहे आणि एका पिंजऱ्यासाठी ते घेणे अनेकांना जड वाटेल. गावातील सरीसृपप्रेमींच्या मंडळाकडे, प्राणी पैदास करणाऱ्याकडे किंवा सरीसृपांच्या पशुवैद्याकडे ते बहुधा असते. एका संध्याकाळपुरते मागून आणावे. तेही शक्य नसेल तर टप्पा ४ मधील अंतरे काटेकोरपणे पाळावीत. अंदाजाने ट्यूब जवळ किंवा लांब करण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित.

साधने आली की रिकामा पिंजरा ज्या खोलीत राहणार आहे तेथील पहाटेचे आणि दुपारचे तापमान काही दिवस लिहून ठेवावे. मिनेसोटातील जानेवारीत हीटर असूनही खिडकीजवळचा कोपरा १७ अंशांवर जातो आणि टेक्सासमध्ये जुलैत एसी बंद पडल्यास तोच कोपरा तिशी ओलांडतो. उष्णतेचा दिवा ही उणीव भरून काढण्यासाठी असतो, म्हणून उणीव किती आहे हे आधी कळले पाहिजे.

## टप्पा ३: फांदी आधी पक्की करा

प्रौढ व्हेल्ड किंवा पँथर नरासाठी ६० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि १२० सेंटीमीटर उंच असा जाळीचा पिंजरा हे सर्वमान्य माप आहे. उंची महत्त्वाची आहे, कारण प्राणी वर-खाली सरकून स्वतःला हवी तेवढी ऊब आणि हवा तेवढा उजेड निवडतो. पिंजरा ठेंगणा असेल तर दिवा कितीही योग्य असला तरी पळून जायला थंड जागाच उरत नाही.

शेकण्याची मुख्य फांदी आडवी, प्राण्याच्या पकडीत मावेल इतक्या जाडीची आणि वरच्या जाळीपासून २० ते २३ सेंटीमीटर खाली बांधावी. हे अंतर फांदीपासून मोजले तरी हिशेब प्राण्याच्या पाठीचा करावा. प्रौढ व्हेल्ड नराची पाठ फांदीपासून ५ ते ८ सेंटीमीटर वर असते आणि डोक्यावरचा उंच तुरा त्याहूनही वर जातो. फांदीवर ३० अंश असले तर तुऱ्याजवळ ते ३४ ते ३५ असू शकतात. भाजण्याच्या बहुतेक जखमा पाठीच्या कण्यावर आणि तुऱ्यावर का आढळतात, याचे उत्तर या काही सेंटीमीटरांत आहे.

या फांदीच्या एका बाजूला दाट पाने असावीत. मनीप्लांट, शेफ्लेरा आणि जास्वंद ही झाडे सुरक्षित आहेत. व्हेल्ड शॅमेलिऑन पानेही खातो, म्हणून कीटकनाशक मारलेली रोपे तशीच आत ठेवू नयेत. पानांच्या आड अतिनील निर्देशांक जवळजवळ शून्य असावा, म्हणजे प्राण्याला नको असेल तेव्हा तो सावलीत जाऊ शकेल.

तपासणी: मुख्य फांदीखेरीज एखादी उंच फांदी, वेल किंवा कृत्रिम पानांची माळ दिव्याच्या आणखी जवळ गेली आहे का ते पाहा. प्राणी नेहमी मिळेल त्या सर्वांत उंच जागी जातो.

## टप्पा ४: अतिनील किरणांची ट्यूब निवडा

उष्णतेचा बल्ब चुकला तर दोन दिवसांत कळते. अतिनील दिवा चुकला तर महिने जातात आणि जेव्हा कळते तेव्हा हाडे वाकलेली असतात. म्हणून हा टप्पा सर्वांत शांतपणे करावा.

शॅमेलिऑनच्या त्वचेतील एक पदार्थ यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांमुळे ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात बदलतो आणि त्यानंतर शरीराच्या उबेने त्याचे डी३ होते. हे डी३ नसेल तर आहारातले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. या प्रक्रियेला किरण आणि ऊब दोन्ही लागतात. अतिनील ट्यूब आणि उष्णतेचा दिवा म्हणूनच शेजारी-शेजारी, एकाच फांदीवर पडतील असे ठेवावेत. एक दिवा डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला ठेवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. प्राणी उबेकडे जातो आणि किरणांपासून दूर राहतो.

कोणता प्रकार घ्यावा. टी५ एचओ (बारीक, ‘हाय आउटपुट’ म्हणजे अधिक तीव्र) प्रकारची सरळ ट्यूब घ्यावी, याबाबत माझ्या मनात शंका नाही. साठ सेंटीमीटरच्या पिंजऱ्यावर २४ वॅटची, सुमारे ५५ सेंटीमीटर लांबीची ट्यूब बसते. सामान्य होल्डरमध्ये बसणारे गुंडाळीचे छोटे यूव्हीबी बल्ब स्वस्त असतात, पण त्यांचे किरण थोड्याच अंतरावर विरतात आणि प्राण्याच्या अंगाच्या एका लहान भागावरच पडतात. उष्णता आणि यूव्हीबी दोन्ही एकत्र देणारे पारा-वाफेचे बल्ब शॅमेलिऑनसाठी टाळावेत: ते फार तापतात, त्यांना डिमर लावता येत नाही, आणि एक गोष्ट कमी करायला गेले की दुसरीही बदलते.

आकड्यांचा अर्थ. अर्काडिया कंपनीच्या ट्यूबवर ६ टक्के किंवा १२ टक्के असे लिहिलेले असते, तर झू मेडच्या रेप्टीसन ट्यूबवर ५.० किंवा १०.०. हा आकडा एकूण उजेडातील यूव्हीबीचा वाटा दाखवतो. तो तीव्रतेचा आकडा नव्हे. जुन्या जाड टी८ ट्यूबवरचे ५.० आणि टी५ एचओ वरचे ५.० हे वाट्याने सारखे असले तरी फांदीवर पोहोचणारे किरण फार वेगळे असतात. टी८ ट्यूब टी५ च्या फिटिंगमध्ये बसतही नाही, तेव्हा जुन्या फिटिंगसाठी नवी ट्यूब आणण्याआधी नीट पाहावे.

वर सांगितलेल्या अंतरावर, जाळीवर ठेवलेल्या आणि चकचकीत परावर्तक असलेल्या एका ट्यूबच्या फिटिंगसाठी ६ टक्के किंवा ५.० योग्य ठरते. जाळी बारीक आणि गडद असेल तर ती एक तृतीयांशाच्या आसपास किरण अडवू शकते. अशा वेळी फांदी थोडी वर, जाळीपासून १५ ते १८ सेंटीमीटरवर आणता येते. १२ टक्क्यांची किंवा १०.० ची ट्यूब उंच पिंजऱ्यांसाठी आहे, जेथे फांदी जाळीपासून ३० सेंटीमीटर किंवा त्याहून खाली ठेवता येते. ‘जास्त टक्के म्हणजे जास्त चांगले’ हा समज घातक आहे. अति तीव्र किरणांखाली प्राणी डोळे मिटून बसतो, पापण्या सुजतात आणि खाणे थांबते.

इशारा: फिटिंगवर ट्यूबखाली पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असेल तर ते काढून टाका. काच आणि प्लास्टिक बहुतेक सर्व यूव्हीबी अडवतात. याच कारणामुळे बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचाही या कामी उपयोग होत नाही, आणि उन्हात ठेवलेली काचेची पेटी तर प्राण्याचा जीव घेते.

इशारा: ‘फुल स्पेक्ट्रम’ किंवा ‘डेलाइट’ या शब्दांवर जाऊ नका. ज्या खोक्यावर यूव्हीबीचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले नाही, त्या दिव्यात ते नाही असेच समजावे.

यंत्र हाती असेल तर ट्यूब अर्धा तास चालू ठेवून, संवेदक प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर धरून, दिव्याकडे सरळ रोखून मोजावे. २.५ ते ३.५ मिळाले की फांदी जागेवर आहे. ४ च्या वर गेल्यास ट्यूब उचलावी किंवा फांदी खाली घ्यावी. मोजमाप फांदीच्या मध्यावर, दोन्ही टोकांवर आणि पानांच्या आड, अशा चार ठिकाणी करावे.

## टप्पा ५: उष्णतेचा दिवा निवडा

या कामासाठी महागडा ‘सरीसृपांचा’ बल्ब लागतोच असे नाही. साधा पांढरा इन्कॅन्डेसंट बल्ब किंवा हॅलोजन चालतो. मात्र अमेरिकेत ऊर्जा खात्याचा नियम १ ऑगस्ट २०२३ पासून पूर्णपणे लागू झाल्यावर घरगुती इन्कॅन्डेसंट बल्ब दुकानांतून जवळपास गेले आहेत, आणि युरोपात घरगुती हॅलोजनवर २०१८ मध्येच बंदी आली. त्यामुळे एक नवी चूक वाढली आहे: पार३८ आकाराचा एलईडी दिवा दिसायला हॅलोजनसारखाच असतो, खोक्यावर ‘९० वॅटइतका’ असे ठळक लिहिलेले असते, आणि घरी आल्यावर फांदीवरचे तापमान हलतच नाही. खोक्यावर प्रत्यक्ष किती वॅट वीज लागते तो बारीक आकडा वाचावा. तो १२ किंवा १५ असेल तर तो एलईडी आहे आणि आपल्या कामाचा नाही. साधा बल्ब मिळत नसेल तर प्राण्यांच्या दुकानातील पांढरा बास्किंग (शेकण्यासाठीचा) बल्ब घ्यावा.

फ्लड की स्पॉट. नेहमी फ्लड, म्हणजे ऊब रुंद पसरवणारा बल्ब. स्पॉट बल्ब सगळी उष्णता नाण्याएवढ्या जागी गोळा करतो. प्राण्याचे बाकीचे शरीर थंड राहते, म्हणून तो तिथेच बसून राहतो आणि तेवढीच जागा भाजते. शॅमेलिऑन भाजत असतानाही वेळेत बाजूला होईलच असे नाही, हे पुन्हा सांगावेसे वाटते. ऊब डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सारखी पडली पाहिजे.

किती वॅट. २१ अंशांच्या खोलीत जाळीच्या पिंजऱ्यावर प्रौढ व्हेल्ड नरासाठी साधारण ६० ते १०० वॅटच्या दरम्यान उत्तर मिळते. मादी, पिल्ले आणि जॅक्सन्ससाठी त्याहून कमी. काचेच्या पिंजऱ्यात उष्णता कोंडते, म्हणून खालच्या टोकापासूनच सुरुवात करावी. कमी वॅटचा बल्ब जाळीला चिकटवून ठेवण्यापेक्षा थोडा मोठा बल्ब वर टांगणे अधिक चांगले, कारण अंतर वाढले की ऊब पसरते आणि जाळी तापत नाही. डोम, म्हणजे बल्बचा घुमटाकार होल्डर, जाळीवर थेट पालथा घालू नये. तो साखळीने किंवा स्टँडवर, जाळीपासून निदान ५ सेंटीमीटर वर असावा. शॅमेलिऑन छताच्या जाळीला उलटा लटकत फिरतो. तापलेल्या जाळीवर त्याचे तळवे आणि पोट भाजते. डोमखाली नायलॉनची जाळी असेल तर ती बदलून धातूची लावावी.

काय घेऊ नये. गरम होणारे कृत्रिम दगड आणि पिंजऱ्याखालचे तापपट्टे शॅमेलिऑनसाठी निरुपयोगी आहेत, कारण तो वरून येणारी ऊब ओळखतो, पोटाखालची नव्हे. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर दिवसा वापरू नये. घरात रात्री तापमान सतत १३ अंशांच्या खाली जात असेल तरच तो रात्रीसाठी, थर्मोस्टॅटला जोडून लावावा.

डिमर आणि थर्मोस्टॅट. उष्णतेच्या बल्बला हाताने फिरवायचा डिमर लावावा. खोलीचे तापमान ऋतूनुसार बदलते तेव्हा बल्ब न बदलता ऊब कमी-जास्त करता येते. केवळ चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बल्बवर लावू नये. दिवा दिवसभर लुकलुकतो, प्राणी बिचकतो आणि बल्बही लवकर जातो. बल्बला थर्मोस्टॅट लावायचाच असेल तर उजेड हळूहळू कमी करणारा प्रकार घ्यावा. यूव्हीबी ट्यूबला डिमर कधीही लावू नये.

इशारा: होल्डर चिनी मातीचा असावा आणि त्यावर लिहिलेल्या कमाल वॅटपेक्षा मोठा बल्ब लावू नये. अमेरिकेतील १२० व्होल्टचा बल्ब युरोपात किंवा भारतात २३० व्होल्टवर लावल्यास तो फुटू शकतो. सामान हलवताना बल्ब सोबत नेऊ नका.

## टप्पा ६: झाडांसाठी आणि दिवसाच्या उजेडासाठी एलईडी

हा टप्पा छोटा आहे. यूव्हीबी ट्यूब आणि उष्णतेचा बल्ब मिळून पिंजरा अर्धवटच उजळतो. ६५०० केल्विनची (दिवसासारखा पांढरा उजेड देणारी) एलईडी पट्टी किंवा रोपांसाठीचा पांढरा एलईडी शेजारी लावावा. त्याने झाडे वाढतात आणि प्राण्याला खरा दिवस वाटतो. गुलाबी-जांभळा उजेड देणारे रोपांचे दिवे टाळावेत.

## टप्पा ७: जोडणी, पाणी आणि वेळ

पिंजऱ्यात रोज पाण्याची फवारणी होते आणि वर वीज असते, म्हणून ही जोडणी घाईने करू नये. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली लोंबकळून मग वर जाईल अशी वळवावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. सॉकेट गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचला जोडलेले असावे. अमेरिकेत स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात असे सॉकेट असतात, आणि ते खोलीतही बसवून घेता येते.

तापलेल्या बल्बच्या काचेवर गार पाण्याचे थेंब पडले तर ती तडकते. मुख्य फवारणी म्हणूनच दिवे लागण्याआधी पहाटे आणि दिवे गेल्यावर रात्री करावी. व्हेल्ड शॅमेलिऑनला दिवसा ३० ते ५० टक्के आर्द्रता चालते आणि रात्री ती बरीच अधिक लागते, त्यामुळे ही वेळ त्याच्या प्रकृतीलाही जुळते.

सर्व दिवे टायमरवर असावेत. दिवस १२ तासांचा धरावा. सकाळी ७ वाजता एलईडी आणि यूव्हीबी, त्यानंतर थोड्या वेळाने उष्णतेचा दिवा, आणि संध्याकाळी आधी उष्णतेचा दिवा बंद व ७ वाजता बाकीचे बंद, हा क्रम सोयीचा आहे. घरातली माणसे रात्री उशिरापर्यंत त्या खोलीत टीव्ही पाहत असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवावा. पिंजऱ्यावर कापड टाकणे हा उपाय सुचेल, पण डोम गरम असताना त्याला आग लागू शकते.

## टप्पा ८: रिकाम्या पिंजऱ्यात चाचणी

प्राणी आणण्याआधी निदान दोन पूर्ण दिवस सर्व दिवे टायमरवर चालू द्यावेत. एक संवेदक शेकण्याच्या फांदीवर, पाठीच्या उंचीवर तारेने बांधावा. दुसरा पिंजऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, सावलीत. दिवा लागल्यानंतर एक ते दीड तासाने पहिली नोंद घ्यावी, कारण त्याआधीचे आकडे स्थिर नसतात. त्यानंतर भर दुपारी, दिवे जाण्याआधी आणि पहाटे नोंद घ्यावी.

आकडा चुकला तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वरचे तापमान ३५ अंश आले असेल तर डोम ५ सेंटीमीटर उचलावा, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि पुन्हा पाहावे. डोम, डिमर आणि फांदी एकदम हलवल्यास कशामुळे काय बदलले हे कळत नाही. फांदी हलवावीच लागली तर यूव्हीबीचे अंतरही बदलले हे लक्षात घेऊन टप्पा ४ चे मोजमाप पुन्हा करावे. ही पायरी हमखास विसरली जाते.

तपासणी: फांदीवर, पाठीच्या उंचीवर, आपला हात पालथा धरून काही मिनिटे तसाच ठेवा. ऊब सुखद वाटली पाहिजे. हात काढून घ्यावासा वाटला तर आकडा काहीही म्हणो, दिवा वर घ्या.

## टप्पा ९: प्राणी आल्यावर त्याच्याकडे पाहा

पहिले दोन आठवडे थर्मामीटरइतकेच प्राण्याच्या वागण्याकडे लक्ष द्यावे. सकाळी तो गडद रंगाचा होऊन, शरीर चपटे करून एक बाजू दिव्याकडे करतो; हे स्वाभाविक आहे. थोड्या वेळाने तो उजळून खाली उतरला पाहिजे. दिवसभर गडद राहून दिव्याखालीच बसत असेल तर ऊब अपुरी आहे. फिकट पडून तोंड उघडे ठेवत असेल तर ती फार जास्त आहे. दिवसभर पानांआड, खाली दडत असेल तर आधी उष्णता आणि मग यूव्हीबी तपासावी.

दिवसा डोळे मिटून बसणे हे शॅमेलिऑनमध्ये नेहमीच आजाराचे लक्षण समजावे. वाकलेले पाय, ढिली पकड, मऊ पडलेला जबडा किंवा जीभ नीट न फेकता येणे ही हाडांच्या आजाराची लक्षणे आहेत. ती दिसल्यावर नवा दिवा आणून वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. पाठीवर काळपट, कोरडा डाग दिसला तर तो भाजल्याचा असू शकतो आणि त्यालाही पशुवैद्यच लागतो. शॅमेलिऑन दुखणे शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे डोळ्यांना दिसते तेव्हा बरेच घडून गेलेले असते.

दिव्यामुळे पूरक आहाराचे गणितही बदलते. यूव्हीबी योग्य असेल तर खाद्यकिड्यांवर रोज टाकायची कॅल्शियमची पूड डी३ नसलेली घ्यावी, आणि डी३ असलेली पूड महिन्यातून साधारण दोनदाच द्यावी. तोंडावाटे गेलेले जास्तीचे डी३ शरीरात साठते आणि अपाय करते. त्वचेत तयार होणाऱ्या डी३ वर मात्र शरीराचे स्वतःचे नियंत्रण असते. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की आहारातून डी३ कमी मिळालेले प्राणी अतिनील किरणांखाली अधिक वेळ बसतात. प्राण्याला ही निवड करता यावी यासाठीच उजेडाइतकीच सावलीही हवी.

## टप्पा १०: बदलण्याचे वेळापत्रक

यूव्हीबी ट्यूब उजेड देते म्हणजे काम करते, असे नसते. डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी हळूहळू उतरते. टी५ एचओ ट्यूब साधारण १२ महिन्यांनी, टी८ असल्यास ६ महिन्यांनी बदलावी. यंत्र असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी मोजून, आकडा २ च्या जवळ आला की बदलावी. बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकावर पक्क्या शाईने लिहून ठेवावी. ट्यूबवर आणि जाळीवर साचणारी धूळ व पाण्याचे पांढरे डागही किरण अडवतात. महिन्यातून एकदा, सर्व बंद करून आणि थंड होऊ देऊन, ओल्या फडक्याने पुसावे.

उष्णतेचा बल्ब अवचित जातो, तोही बहुधा थंडीत. त्याच मॉडेलचा एक बल्ब घरात असावा. दिवसभर उष्णता नसेल तर तो दिवस प्राणी सहज काढतो, पण त्या दिवशी त्याला खाद्य देऊ नये, कारण उबेशिवाय अन्न पचत नाही. मॉडेल बदलावेच लागले, किंवा तेच मॉडेल पण वेगळ्या वॅटचे आणले, तर टप्पा ८ ची चाचणी पुन्हा करावी. ती होईपर्यंत प्राण्याला दुसऱ्या सुरक्षित जागी, कुंडीतल्या झाडावर, कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवावे. खोलीतला हीटर सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावर, म्हणजे वर्षातून निदान दोनदा, फांदीवरचे तापमान नव्याने लिहून डिमर त्याप्रमाणे फिरवावा.